रेक्झिन, काथ्या आणि गुलाल : कोल्हापूरच्या घरगुती मोटारींचे अंतरंग

कोल्हापुरातील ज्या कुटुंबांकडे १९६० ते १९९० या तीन दशकांत स्वतःची मोटार होती, त्यांच्या अल्बममध्ये त्या मोटारीचे एक तरी छायाचित्र हमखास सापडते. बॉनेटवर हात टेकलेले वडील, दाराशी उभी असलेली आई, मडगार्डवर बसवलेले लहान मूल आणि मागे पन्हाळ्याचा एखादा बुरूज किंवा घराचे फाटक, अशी त्याची ठरलेली मांडणी असते. गाडीच्या आतले छायाचित्र मात्र या अल्बममध्ये जवळजवळ आढळत नाही आणि त्याचे कारण अनास्था हे नसून त्या काळच्या कॅमेऱ्यांची मर्यादा हे आहे. मध्यमवर्गीय घरांत असलेला ॲगफा क्लिक-थ्रीसारखा साधा कॅमेरा स्थिर फोकसचा होता, म्हणजे त्याच्या भिंगाचे अंतर कारखान्यातच ठरवून दिलेले असे आणि काही मीटरच्या आतली वस्तू त्यात अस्पष्ट उमटत असे. त्यातच गाडीत प्रकाश कमी, काचांबाहेर लख्ख ऊन आणि त्या काळची मंद फिल्म यांमुळे आत बसलेली माणसे काळवंडून जात आणि फक्त खिडक्या पांढऱ्या उमटत. परिणामी गाडीचे बाह्यरूप कागदावर टिकले, पण कुटुंबाने ज्या जागेत प्रत्यक्ष प्रवास केला, त्या जागेची नोंद केवळ माणसांच्या आठवणीत राहिली.

ही नोंद मोलाची आहे, कारण घरगुती मोटारीचे अंतरंग दोनदा घडत असे. पहिल्यांदा ते कुर्ल्याच्या किंवा उत्तरपाड्याच्या कारखान्यात घडे आणि तेव्हा ते सर्वांचे सारखेच असे. दुसऱ्यांदा ते कोल्हापुरात, कुशनच्या कारागिराच्या हातून आणि घरातल्या माणसांच्या आवडीनिवडीतून घडे आणि तेव्हा ते त्या एकाच घराचे होऊन जाई. पहिल्या घडणीची माहिती कंपन्यांच्या पुस्तिकांत मिळते, दुसरीची कुठेच मिळत नाही. जुन्या गाड्यांविषयीच्या लेखनात इंजिनाची क्षमता, मॉडेलचे वर्ष आणि रंगाची मूळ छटा यांची चर्चा पुष्कळ असते. पण स्मृतीच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध असलेला भाग, म्हणजे आसने, छताचे अस्तर, पायाखालची रबरी चटई आणि डॅशबोर्डवरचा देव, हा भाग त्या चर्चेत क्वचितच येतो.

मोटारीच्या अंतरंगाचा विचार कोल्हापुरात एका राजेशाही गाडीपासून सुरू करता येतो. दसरा चौकात होणाऱ्या शाही दसऱ्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक ही जर्मन मोटार येते आणि सोने लुटण्याच्या त्या संध्याकाळी देवीच्या पालखीइतकीच गर्दी त्या गाडीभोवतीही जमते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अशा मोठ्या गाड्यांत कंपनी प्रामुख्याने चासी, म्हणजे चाके आणि इंजिनासह तळाचा सांगाडा, बनवीत असे आणि वरची बॉडी व आतली बैठक गाडीबांधणीचे स्वतंत्र कारागीर मालकाच्या पसंतीने तयार करीत. त्या काळातील चालक ठेवून वापरायच्या मोटारींत एक प्रथा रूढ होती, जी आजच्या वाचकाला उलटी वाटेल : चालकाच्या आसनाला चामडे आणि मालकाच्या आसनाला उंची लोकरी कापड लावले जाई. घोडागाडीच्या काळापासून चालक उघड्यावर, पावसात बसत असल्यामुळे त्याच्या आसनाला पाणी सोसणारे चामडे लागे, तर आत बसणाऱ्याला ऊबदार आणि मऊ कापड परवडत असे. पुढे चामड्याला श्रीमंतीचा मान मिळाला आणि ही विभागणी विसरली गेली. तथापि आसनाचे साहित्य ऊन, पाऊस आणि माणसाचा दर्जा या तिन्हींनी ठरते, हे तत्त्व मध्यमवर्गाच्या गाडीपर्यंत टिकून राहिले.

मध्यमवर्गाची ही गाडी मुख्यतः दोन प्रकारची होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. दुसरी अँबॅसिडर, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. मद्रासची स्टँडर्ड हेराल्डही रस्त्यांवर दिसे, पण घराघरांतल्या आठवणी प्रामुख्याने पहिल्या दोघींच्याच आहेत. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे एकदा घरात आलेली गाडी पंधरा-वीस वर्षे विकली जात नसे, आणि तिच्या आतल्या भागावर एका पिढीचे संपूर्ण बालपण उमटायला अवधी मिळत असे. आठवणी इतक्या दाट असण्याचे एक कारण हा दीर्घ सहवास आहे.

दुसरे कारण गाडीच्या रचनेत आहे. पद्मिनीत आणि जुन्या अँबॅसिडरमध्ये गिअरचा दांडा दोन आसनांच्या मध्ये जमिनीवर नसून स्टीअरिंगच्या खालून आडवा निघत असे आणि त्याची हालचाल लांब सळयांच्या जोडणीतून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत असे. त्यामुळे पुढची बैठक सलग, किंवा दोन आसने एकमेकांना खेटून, ठेवता येई आणि चालकाशेजारी दोन माणसे, नाहीतर एक माणूस आणि दोन मुले, सहज मावत. मागे तीन मोठी माणसे आणि त्यांच्या मांडीवर लहान मुले, असे आठ-नऊ जण एका गाडीत जात. पद्मिनीची रुंदी साधारण दीड मीटरच्या आतच होती आणि पुढे आलेली मारुती ८०० तिच्यापेक्षा फार अरुंद नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे जुनी गाडी ‘मोठी’ वाटण्याचे श्रेय रुंदीपेक्षा गिअरच्या जागेला अधिक जाते, हे स्पष्ट होते.

कोण कुठे बसणार, हे घरातल्या मानपानाच्या नियमांनी ठरे. पुढची डावी जागा आजोबांची किंवा घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाची. आजोबा नसतील तेव्हा ती आजीला मिळे आणि तिच्या कुशीत सर्वांत धाकटे नातवंड असे. मागे खिडकीच्या दोन जागांसाठी भावंडांत तह होत, जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने बसायचे, असे. मधल्या जागेवर बसणाऱ्याच्या पायांखाली उंचवटा येई, कारण इंजिन पुढे आणि गती मिळणारी चाके मागे असल्यामुळे दोहोंना जोडणारा फिरता दांडा, ज्याला शाफ्ट म्हणतात, गाडीच्या मधोमध खालून जात असे आणि त्याच्यावरचा पत्रा त्या आकारात उचललेला असे. उंचवट्यावरच्या त्या मुलाला बसायला त्रास होई, पण पुढच्या दोन डोक्यांमधून समोरचा सगळा रस्ता त्यालाच दिसत असे. मागच्या काचेखालचा फळीसारखा सपाट भाग हे तान्ह्या मुलांच्या झोपण्याचे ठिकाण होते, आणि आजच्या दृष्टीने ही गोष्ट कितीही धोकादायक असली तरी अनेकांची पहिली आठवण तिथून दिसलेल्या आभाळाची आहे.

कारखान्यातून आलेली बैठक काही वर्षांनी खचली की गाडी कुशन वर्क्सच्या दुकानात जाई. कोल्हापुरात गॅरेज आणि सुट्या भागांचा मोठा व्यवसाय शिवाजी उद्यमनगरच्या परिसरात वाढला आणि ओतकाम, लेथ, पत्राकाम यांच्या जोडीने गाडीच्या गाद्या करणारे कारागीरही शहरात स्थिरावले. जुन्या आसनाची रचना पाच थरांची असे : सर्वांत खाली लोखंडी चौकट, तिच्यावर पोलादी स्प्रिंगा, स्प्रिंगांवर ताणून बांधलेले गोणपाट, त्यावर नारळाच्या काथ्याचा जाड थर आणि कापूस, आणि शेवटी वरचे आवरण. स्प्रिंग धक्का शोषून घेते, गोणपाट त्या स्प्रिंगा काथ्यात रुतू देत नाही, आणि काथ्याच्या मोकळ्या तंतूंतून हवा खेळती राहते; म्हणजे यातला प्रत्येक थर विचारपूर्वक योजलेला आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने काथ्याचा भुगा होई, गोणपाट फाटे आणि मग एखादी स्प्रिंग नेमकी एकाच जागी टोचू लागे. त्या जागेची ओळख घरातल्या प्रत्येकाला असे आणि पाहुण्यांना तिथे बसू न देण्याचे कसबही असे. कारागीर सगळे उसवून काथ्या बदलत, चौकटीला गंज चढला असेल तर वेल्डिंग करून घेत आणि नव्या आवरणाला कडेने पायपिंग, म्हणजे दोरी घालून शिवलेली उठावदार किनार, लावून देत. १९८० नंतर फोम स्वस्त झाला आणि काथ्याची जागा त्याने घेतली, पण जुन्या पिढीतले कारागीर लांबच्या प्रवासासाठी काथ्याच चांगला म्हणत, आणि उन्हाळ्यात हवा खेळण्याचा गुण पाहता त्यांच्या मताला आधार होता.

वरचे आवरण बहुधा रेक्झिनचे असे. रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश उत्पादनाचे व्यापारी नाव. सुती कापडावर सेल्युलोजपासून बनवलेल्या लेपाचा थर देऊन ते चामड्यासारखे केले जाई. पुढे या लेपाची जागा पीव्हीसी या प्लॅस्टिकने घेतली, नाव मात्र तेच राहिले. महाराष्ट्रात भोर इंडस्ट्रीज ही कंपनी अशा पीव्हीसी लेपित कापडासाठी ओळखली जात असे. पीव्हीसी मूळचे कडक असते, म्हणून त्यात मऊपणा आणणारी तेलकट द्रव्ये मिसळतात. गाडी उन्हात तापली की ही द्रव्ये हळूहळू उडून जातात, त्यांचा काही अंश समोरच्या काचेवर आतून चिकट धुक्यासारखा बसतो, आणि आवरण वर्षागणिक ताठर होत शेवटी शिवणीपाशी तडकते. नव्या गाडीचा प्रसिद्ध वास आणि जुन्या गाडीच्या सीटला पडलेल्या भेगा यांच्या मुळाशी ही एकच प्रक्रिया आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोल्हापूरला चर्मकामाची मोठी परंपरा असूनही गाडीच्या बैठकीला स्थानिक कातडे का लागले नाही, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचे उत्तरही साहित्याच्या गुणधर्मांत आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. ते टिकाऊ आणि घट्ट असते, तळव्याखाली हे गुण हवेच असतात, पण आसनावर दुमडून, ताणून बसवण्यासाठी लागणारी लवचीकता त्यात पुरेशी नसते.

रेक्झिनमधून घाम आणि हवा जात नसल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पोटऱ्यांना आणि मानेला ते चिकटत असे, आणि म्हणूनच त्याच्यावर आणखी एक सुती आवरण घालण्याची पद्धत पडली. इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे शहर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे सुती कापडाची वाण नव्हती. कुणी घरच्या पडद्यांचे उरलेले कापड वापरी, कुणी टर्किश टॉवेल शिवून घेई, तर काही घरांत मुलींनी क्रोशाने विणलेल्या झालरी मागच्या फळीवर पसरलेल्या असत. साखर कारखान्यांच्या आणि सहकारी संस्थांच्या अध्यक्षांच्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये पांढरे शुभ्र टॉवेल आणि खिडक्यांना पडदे असत, आणि ग्रामीण भागात ते पडदे पाहूनच आत कोण असेल याचा अंदाज बांधला जाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वाहनांच्या काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि त्यानंतरच्या कारवाईच्या वातावरणात खासगी गाड्यांतले पडदेही जवळपास दिसेनासे झाले.

वातानुकूलन नसलेल्या या गाड्यांत हवेचा बंदोबस्त पुढच्या दारांच्या तिकोनी काचेवर सोपवलेला होता. ही छोटी काच उभ्या आसावर फिरे. ती थोडी तिरपी उघडली की बाहेरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे तिच्या मागच्या कडेशी दाब कमी होऊन आतली उष्ण हवा ओढली जाई, आणि पूर्ण फिरवली की समोरचा वारा थेट छातीवर येई. इतके साधे आणि इतके परिणामकारक साधन नंतरच्या गाड्यांतून गेले, याची खंत जुने चालक आजही व्यक्त करतात आणि ती रास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी फिरकीचा तांब्या पायाशी असे आणि लांबच्या प्रवासात कॅनव्हासची छागल बाहेर बांधलेली असे. तिच्या कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्याने उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाई, त्यामुळे गाडी जितकी वेगात, तितके पाणी गार.

कोल्हापूरचा पाऊस हा मात्र या अंतरंगाचा खरा शत्रू होता. गगनबावडा, राधानगरी आणि आंबा घाट या बाजूंना पावसाळ्यात जाणारी गाडी दोन-तीन दिवस वाळत नसे. दारांच्या कडेचे रबरी बीडिंग कडक झाले की पाणी आत झिरपे, चटईखाली साचे आणि तळाचा पत्रा आतूनच सडवी. काही गाड्यांत पायाखालच्या भोकातून रस्ता दिसे. आत माणसांच्या श्वासाने काच धुरकट होई. त्यावर चालकांचा एक उपाय होता : तंबाखूची ओलसर पुरचुंडी काचेवर चोळायची. तंबाखूचा पातळ थर बसला की पाण्याचे थेंब गोळा होऊन न राहता सपाट पसरतात आणि त्यातून आरपार दिसते. निपाणी ही तंबाखूची मोठी बाजारपेठ कोल्हापूरच्या दाराशीच असल्यामुळे या उपायाला साहित्याची उणीव कधी पडली नाही, पण त्या वासाने मागे बसलेल्या मुलांचा प्रवास आणखी अवघड होत असे.

अवघड म्हणजे गाडी लागे. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली या घाटांतून कोकणात किंवा गोव्याला जाताना निम्मी मुले पिवळी पडत. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या शरीर वळते आहे, हेलकावते आहे असे मेंदूला सांगतात; पण मागच्या सखल आसनावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना फक्त पुढच्या सीटची पाठ दिसत असते आणि ती स्थिर असते. या दोन विसंगत संदेशांमुळे मळमळ सुरू होते. समोरचा रस्ता दिसणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः चालकाला, हा त्रास सहसा होत नाही, तो याच कारणाने. पानाच्या आकाराच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरचा मागचा भाग वळणावर डुलत असे, त्यात पेट्रोलचा वास. मग आल्याचा तुकडा, लिंबू, आवळा सुपारी असे उपाय आजीच्या पिशवीतून निघत आणि शेवटी गाडी थांबवून मुलाला पुढे घेतले जाई. पुढच्या सलग बैठकीचा हाही एक उपयोग होता. बरे वाटल्यावर भडंगाची पुडी सुटे, आणि तिच्यातले कुरमुरे, शेंगदाणे आणि लसणाच्या पाकळ्या सीटच्या फटीत जाऊन पडत, ते पुढच्या वेळी कुशन उसवल्यावरच बाहेर येत.

डॅशबोर्डवर देव असे, आणि कोल्हापुरात तो देव बहुतेक ठिकाणी अंबाबाई किंवा जोतिबा असे. पत्र्याच्या डॅशबोर्डला चुंबकाची मूर्ती चिकटे, शेजारी उदबत्तीचे छोटे घर आणि प्लॅस्टिकची फुले. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ चढे, स्टीअरिंगला हळदकुंकू लागे आणि आपट्याची पाने कप्प्यात ठेवली जात, ती वर्षभर तिथेच सुकत राहत. पण कोल्हापूरच्या गाडीची खरी खूण म्हणजे गुलाल. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला किंवा एखाद्या रविवारी वाडी रत्नागिरीचा डोंगर चढून जोतिबाचे दर्शन घेतलेली माणसे डोक्यापासून पायापर्यंत गुलालाने माखून परत गाडीत बसत. ती बारीक भुकटी पायपिंगच्या शिवणीत, छताच्या अस्तरात आणि काच खाली जाण्याच्या फटीत शिरे आणि कितीही झटकली तरी निघत नसे; घामाने ओली होऊन ती पांढऱ्या टॉवेलवर गुलाबी डाग सोडी. असे डाग काढण्याचा आग्रह फारसा कुणी धरत नसे, कारण तो देवाचा गुलाल होता.

संगीताची सोय नंतर आली. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि ज्या गाडीत रेडिओ होता, तिथे त्याचे कार्यक्रम लागत; मात्र इंजिनातल्या ठिणग्यांमुळे रेडिओत खरखर येई, ती कमी करण्यासाठी तारांना खास जोड बसवावे लागत, आणि घाटात आवाज विरून जाई. कॅसेट प्लेअरने, विशेषतः १९८० च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्यावर, हा प्रश्न सोडवला आणि प्रवासातली गाणी कुटुंबाच्या निवडीची झाली. गाडीत कॅसेटी मोजक्याच असत, त्यामुळे एकेक घाट एकेका गाण्याशी जोडला गेला आणि ही जोडी पन्नाशीतल्या माणसांच्या मनात अजून सुटलेली नाही.

या सर्वांत सर्वाधिक टिकणारी गोष्ट म्हणजे वास, आणि त्याला मेंदूच्या रचनेचा आधार आहे. दृष्टी, ध्वनी आणि स्पर्श यांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस या वाटपकेंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र त्या थांब्याशिवाय, भावनांशी संबंधित अमिग्डाला आणि स्मृती साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागांच्या निकट पोहोचतात. शब्दांनी किंवा चित्रांनी जागृत होणाऱ्या आठवणी बहुधा दहा ते तीस या वयातल्या असतात, तर वासाने जागृत होणाऱ्या आठवणी प्रामुख्याने पहिल्या दशकातल्या, म्हणजे ऐन बालपणाच्या असतात, असे संशोधनात दिसून आले आहे. ओला काथ्या, तापलेले रेक्झिन, पेट्रोल, रबर, खोबरेल आणि गुलाल यांचे जे मिश्रण त्या गाड्यांत तयार होई, ते आज एखाद्या बंद पडलेल्या पद्मिनीचे दार उघडताच साठीतल्या माणसाला का थांबवते, याचा उलगडा इथे होतो. त्याला केवळ हळवेपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

तरीही या अंतरंगाचे कौतुक करताना त्यातला धोका लपवता येणार नाही. डॅशबोर्ड उघड्या पत्र्याचा होता, स्टीअरिंगचा दांडा ताठ होता आणि धडक झाल्यास तो चालकाच्या छातीकडे सरके, मांडीवरच्या मुलाला काहीही धरून ठेवत नसे. पुढच्या आसनांना पट्टा बंधनकारक झाला तो १९९० च्या दशकात, आणि मागच्या पट्ट्याविषयी समाजात गांभीर्याने बोलले जाऊ लागले ते २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाती मृत्यूनंतर. जुन्या रचनेची आपुलकी आणि नव्या रचनेची सुरक्षितता यांत निवड करायची झाल्यास ती सुरक्षिततेचीच असली पाहिजे; आठवणींची किंमत मुलांच्या जिवाने चुकवायची नसते.

बदल घडवला तो मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली पडली आणि काही वर्षांत कोल्हापूरच्या रस्त्यांवरही ही गाडी सर्वत्र दिसू लागली. तिचे इंजिन आडवे आणि गती पुढच्या चाकांना मिळणारी होती, त्यामुळे मधला शाफ्ट गेला आणि त्याचा मोठा उंचवटाही गेला. पण गिअर आणि हँडब्रेक दोन स्वतंत्र आसनांच्या मध्ये आले आणि पुढे तिसऱ्या माणसाची जागा उरली नाही. एकत्र कुटुंबे याच सुमारास विभागत होती, म्हणून गाडीने कुटुंब लहान केले असे म्हणणे चूक ठरेल. मात्र चार माणसांचे घर हेच आता प्रमाण आहे, हे त्या आसनांनी रोजच्या रोज दाखवले. साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड, कारखान्यातूनच आलेले कापड, पुढे वातानुकूलन आणि बंद काचा, यांमुळे दुसऱ्या घडणीला वाव कमी होत गेला. आठ-नऊ माणसे कोंबून जाण्याची जुनी रीत पुढे वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या, ट्रॅक्स गाड्यांमध्ये उरली, आणि आतल्या सजावटीची हौस रिक्षावाल्यांनी जपली. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्याच्या स्पर्धा भरतात आणि त्यांत कुशनची कलाकुसर पाहण्यासारखी असते. कुशनच्या कारागिरांची ती जुनी कला जिवंत पाहायची असेल, तर आज ती तिथेच पाहावी.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, अँबॅसिडर आणि मारुती ८०० या दोघींचेही २०१४ मध्ये. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली आहे आणि पद्मिनी हे नाव लागलेल्या पहिल्या गाड्या आता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत. या तरतुदीत गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे, पण ती चासी, बॉडी आणि इंजिन यांच्यापुरती बोलते. आसनांचा आणि अस्तराचा तिथे उल्लेख नाही. व्यवहारातही हेच घडते. जुनी गाडी हौसेने दुरुस्त करताना इंजिनाचे मूळ भाग देशभर धुंडाळले जातात, आणि आतला काथ्या, गुलाबी डागांचे टॉवेल, आजीने विणलेली झालर हे सगळे पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते व त्या जागी चकचकीत नवे आवरण चढते. गाडी वाचते, पण ती कुणाच्या घरची होती याचा पुरावा नष्ट होतो.

ज्यांच्या परड्यात किंवा शेडमध्ये अशी गाडी अजून उभी असेल, त्यांनी ती कारागिराच्या ताब्यात देण्यापूर्वी दारे उघडून आतल्या प्रत्येक भागाची छायाचित्रे काढावीत, कारण आजच्या फोनला ते सहज साधते. आवरणाचा आणि अस्तराचा एकेक तुकडा कापून कागदात ठेवावा, कोण कुठे बसत असे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे, आणि कुशन कुणी केले होते ते नाव ठाऊक असेल तर तेही त्या कागदावर लिहावे. आणि शहरातल्या संग्रहालयांपैकी एखाद्याने एक साधी, न रंगवलेली, आतून जशीच्या तशी ठेवलेली पद्मिनी स्वीकारावी; दसऱ्याची मेबॅक जपणाऱ्या कोल्हापुराला एवढे निश्चित शक्य आहे.